मागचा आवाज

रितेशची तक्रार करायची तर कुणाकडे करायची, हाच माझा घोळ आहे. मुलगा वाईट नाही. वाईट असता तर ओटीवरूनच परत लावला असता, त्यात मी कुणाला हार जात नाही. पण हा चपला पायरीखाली काढतो, वाकून नमस्कार करतो, पाणी पिऊन झालं की भांडं विसळून पालथं घालतो. रोह्याला एका कंपनीत शिफ्ट करतो आणि सुट्टीच्या दिवशी माझ्या मेलेल्या दिराला हुडकत फिरतो. महिपती गेला तेव्हा हा जन्मलासुद्धा नव्हता, तरी महिपतीनं कुठल्या नाटकात कुठल्या हातानं विडी धरली ते ह्याला पाठ. असल्या मुलाला शिवी तरी कुठली द्यायची? आणि ह्याच शहाण्यानं मला न विचारता माझ्या घरातल्या सगळ्या माणसांची तोंडं बंद केली. मेलेल्यांचीसुद्धा.

झालं ते बुधवारी सकाळी. मी पडवीत बिरडं सोलत बसले होते. सुरभी, माझी नातसून, मोबाईल घेऊन आली नि म्हणाली, "आजी, महिपती आजोबांचं नाटक साफ होऊन आलंय. ऐका तरी." तिनं मोबाईल माझ्या उजव्या कानाशी धरला, डावा कधीचा कामातून गेलाय. महिपती बोलत होता. नुसता महिपती. त्याच्या मागे काही नव्हतं, ना भांडं, ना खोकला, ना कुणाचं पोर. तो थांबला की सगळंच थांबायचं, आणि त्या थांबण्यात माझ्या कानात असं काही गार शिरलं की चिमटीतला वाल निसटून खाली गेला. मी विचारलं, "बाकीचे कुठं गेले?"

"कोण बाकीचे?"

"घरातले गो! सासूबाय, आमचे हे, काशीबाय. सगली मंडळी."

"तो मागचा आवाज होता, आजी. तो काढतात. बघा ना, आता कसं नीट ऐकू येतंय."

नीट! मी मोबाईल डोळ्यांपुढं धरला. सासूबाईंनी लावलेलं कुंकूसुद्धा पुसलं होतं.

टीव्हीला कुंकू कशाला, ते सांगते. सदतीस वर्षं झाली त्याला. धरमतरच्या खाडीकाठी आमचं गाव, सगळ्यांचं पोट मिठागरावर. मी मूळची रोह्याकडची, भात आणि वाल पिकवणाऱ्यांची, गोड्या पाण्यावरची पोर खाऱ्यात दिली. गावात टीव्ही एकच आणि तो आमच्या घरात, लाकडी दारांचा, काळापांढरा. महिपतीला त्याआधी चार-पाच वेळा बघितलेला, पण कसा, तर कधी हवालदार, कधी गाडीवान, कधी पत्र आणून देणारा. आपल्याला शिंक आली तर दीर चुकायचा. त्या रविवारी मात्र चांगलं तासाभराचं नाटक होतं आणि त्यातला बाप तोच होता. योग असा की त्याच दिवशी माझ्या नणंदेची हळद, म्हणून पेणहून लग्नाचा शूटिंगवाला दुपारीच येऊन पंगतीला बसलेला. टीव्हीवरचं धरून ठेवायला वेगळं यंत्र असतं, हे आम्हाला कुठं ठाऊक? आमचे हे त्याला म्हणाले, "तुझा कॅमेरा हाय ना? मग टीव्हीचंच शूटिंग घे. नवरी काय पळून जात नाय." त्यानं कॅमेरा तीन पायांवर उभा केला, तो मोठा दिवा पेटवला आणि लग्नातल्यासारखं टीव्हीचं शूटिंग घेतलं. त्याच्या आधी सासूबाई आरतीचं ताट घेऊन आल्या. लेक घरात होताच, पण आज तो काचेतूनही घरी येणार होता. टीव्हीला झेंडूची माळ घातली, ओवाळलं आणि काचेच्या बरोब्बर मधोमध कुंकवाचं बोट टेकवलं. आता आईनं लावलेलं कुंकू पुसणार कोण? म्हणून कॅसेटमध्ये तासभर तो लाल ठिपका आहे. जो मधे येईल त्याच्या कपाळाला लागतो, कपाळाला नाही तर नाकाला. नाटकातला डॉक्टर बिचारा सगळं बोलणं लाल नाकानं बोलतो. आणि आवाज तर विचारू नका. चाळीस माणसं त्या खोलीत. सासूबाई दर घटकेला म्हणतात, "बारीक झालाय गो माजा मह्या." ह्यांचा मिठागरावरचा कोरडा खोकला. नाटकातली बायको महिपतीला टाकून बोलली की काशीबाई, आमची शेजारीण, तिला काचेवर हात आपटून उलट शिव्या देते. अशी ती कॅसेट. टीव्हीवाल्यांकडे ते नाटक आता मिळत नाही असं रितेश सांगतो. जगात एवढंच एक राहिलं होतं, माझ्या तांदळाच्या पिंपात, फडक्यात गुंडाळलेलं.

आणि महिपती स्वतः त्या खोलीत होता. हे मी कुणाला सांगत नाही. काचेत होता तो वेगळा, मी म्हणते तो भिंतीला पाठ लावून, माझ्यापासून दोन हातांवर बसला होता. बहिणीच्या हळदीला आला होता मुंबईहून. मी लग्न होऊन आले तेव्हा सहा वर्षांचा, नाक वाहणारा, माझा पदर धरून बांधावरून चालणारा. त्याला मी वाढवला. मिठाच्या कप्प्यात उतरून त्याच्या पायांना चिरा पडल्या तेव्हा रात्री तेल गरम करून मी भरलं, सासूबाईंनी नाही. पुढं तो पेणला गणपतीतल्या नाटकांत काम करायला लागला आणि ह्यांनी त्याला दांडक्यानं हाणला, तेव्हा मधे मी पडले. त्यामुळं माझा त्याच्यावर हक्क होता, आणि हक्क असला की रागही मोठा असतो. नाटकाच्या तीन वर्षं आधी त्याचा आठ महिन्यांचा मुलगा तापानं गेला. निरोप पाठवला तर हा तालमीत. संध्याकाळी उतरला. तोवर पोराला ह्यांनी उचलून नेलं होतं, बापानं न्यायचं ते काकानं नेलं. महिपती आला, उंबऱ्याशी बसला आणि टाचेवरचा वाळलेला चिखल काडीनं खरवडत राहिला. बायको आत ऊर फोडून रडतेय आणि हा एक टाच झाली की दुसरी घेतोय. डोळ्यांत टिपूस नाही. दुसऱ्या दिवशी सकाळच्या यष्टीनं परत, कारण म्हणे प्रयोग होता. मी त्याला जेवायला वाढलं, पण बोलले नाही. तीन वर्षं तो राग माझ्या पोटात पडून होता, लोणच्यासारखा मुरत.

नाटकात त्या बापाचा मुलगा बुडून मरतो. महिपती प्रेतापाशी बसतो आणि छाती बडवत रडायला लागतो. काय रडला! खोलीतली चाळीस माणसं रडायला लागली. सासूबाई डोळ्याला पदर, काशीबाई डोळ्याला पदर, शूटिंगवालासुद्धा नाक ओढतोय. हे, ज्यांना मी बाप गेल्यावरही रडताना बघितलं नव्हतं, ते खोकल्याचं निमित्त करून तोंड फिरवतात. आणि मला ते सहन झालं नाही. मी मोठ्यानं म्हणाले, "खोटं रडतोय. सोताच्या पोराला नाय रडला, आन परक्याच्या पोराला बगा कसा गळा काढतोय." महिपतीनं भिंतीवरून पाठ उचलली, मान माझ्याकडे वळवली आणि काहीतरी बोलला. त्याच क्षणी शूटिंगवाल्याच्या दिव्याचा बल्ब फुटला, फाटकन. बायका किंचाळल्या, पोरं उठली, कुणी मीटर बंद करा म्हणतंय, कुणी अपशकुन म्हणतंय. मला त्याचे फक्त ओठ हललेले दिसले. मग तो उठला आणि गोधडीवरचे काचेचे तुकडे हातानं वेचायला लागला, कुणाच्या पायात जातील म्हणून.

तो काय बोलला ते मी त्याला कधीच विचारलं नाही. मी का विचारू? मोठी मी. त्यानंतर सात वर्षं तो येत राहिला, खाडीचं कालवण खाऊन जात राहिला, "वयनी, मीठ बरोबर हाय" म्हणत राहिला. मग मुंबईतच कावीळ झाली आणि एकोणचाळिसाव्या वर्षी आणलं त्याला, पांढऱ्या गाडीतून. माझ्या कानात मात्र ते न ऐकलेलं वाक्य राहिलं. तांदूळ निवडताना ते मला ऐकू यायचं, आणि दर खेपेला वेगळं. एखाद्या वर्षी ते असायचं, "तुमी कोन बोलनाऱ्या? तुमचं पोर नव्हतं ते." त्या वर्षी पितृपक्षात मी त्याच्या नावानं ताट वाढायची नाही. एखाद्या वर्षी असायचं, "चुकलं, वयनी." तेव्हा मी वाढायची. हे गेल्यावर एकदा तर ते वाक्य ह्यांच्याच आवाजात आलं, तेव्हा मी उठून पिंप उघडलं आणि कॅसेट कानाला लावून बसले. वेडी का मी? कानाला लावून कॅसेट ऐकू येत नाही एवढं दुसरी शिकलेल्या बाईलाही कळतं. पण लावली खरी. तांदळाचा वास आला, बाकी काही नाही.

रितेश आणि त्याची मंडळी पहिल्यांदा घरी आली तेव्हा मी त्यांना रिकामटेकडे म्हटलं, तोंडावर. चाळीसेक माणसं आहेत म्हणे, पेण, रोहा, नागोठणे, सगळीकडची. महिपतीचं टीव्हीवरचं काम हुडकून हुडकून गोळा करतात. माझ्या कॅसेटच्या आधी सगळं मिळून अठरा मिनिटं मिळाली होती त्यांना. अठरा मिनिटांवर चाळीस माणसं! मी हसले. मग रितेशनं मला हवालदाराचं ते चिमूटभर काम दाखवलं. म्हणाला, "आजी, बघा, तो काठी भिंतीला टेकवतो. बसायला जातो. मग आत साहेब आहे हे आठवतं आणि काठी परत उचलतो. हे त्याला कुणी सांगितलेलं नसणार." हमरापूरची विमलबाई त्यांच्यात आहे, गणपतीचे डोळे आखते. ती म्हणाली, "मावशी, हा समोरचा बोलत असताना पापणी पाडत नाय. मूर्तीला मी जे आणायला बघते ते ह्याला आपसूक." मी इतकी वर्षं त्या हवालदारात फक्त माझा दीर बघत होते, काठी मला दिसलीच नव्हती. त्या दिवशी मी त्यांना चहा दिला. आणि दिवाळीच्या आधी पिंप उघडून कॅसेट दिली. रितेशनं ती दोन्ही हातांनी घेतली, डोळ्यांत पाणी आणून. सांगितलं, की त्याच्या कंपुटरला गर्दीतला एकेक आवाज वेगळा करता येतो. हे ऐकलं म्हणून दिली, खरं सांगायचं तर. त्याला नाटक हवं होतं, मला एक वाक्य हवं होतं. पण मी बोलले नाही. तोंड असून काही ठिकाणी मी मुकीच राहिले आहे. महिन्यानं त्यानं रडवेल्या आवाजात फोन केला, की कॅसेटची पट्टी एकदा पूर्ण चालली आणि मग तुटली, तुकडे झाले, पण काळजी नको, सगळं कंपुटरात उतरलंय. आता ते "सगळं" म्हणजे काय, ते बुधवारी कळलं.

तीन दिवस मी जेवले, पण चव लागली नाही. कार्यक्रम रविवारी, रोह्याच्या हॉलमध्ये. मुंबईचे पाहुणे येणार, पडद्यावर नाटक दाखवणार, माझा सत्कार करणार. शनिवारी सकाळी मी नऊवारी नेसले आणि सुरभीला म्हणाले, "चल, रोह्याला."

"उद्या जायचंय, आजी."

"उद्या शाल घ्यायला जायचंय. आज भांडायला."

"भांडायला? त्या रितेशदादांशी? आजी, त्यांनी किती रात्री जागवल्या तुमच्यासाठी."

"माज्यासाठी नाय गो, महिपतीसाठी. मी त्याला कुठं दिसली? मी तर मागचा आवाज."

पेणहून गाडी निघाली. खिडकीतून वारं येत होतं ते माझ्या बऱ्या कानात भरत होतं. मी डोळे मिटून त्या खोलीत जायला बघत होते आणि जाता येत नव्हतं. एरवी मी कधीही जाते. सासूबाईंच्या "बारीक झालाय गो" वर पाय ठेवायचा, ह्यांचा खोकला धरायचा आणि आत शिरायचं. बुधवारपासून दार लागलेलं. खोली दिसत होती, माणसं बसलेली दिसत होती, तोंडं हलत होती आणि ऐकू फक्त टीव्ही येत होता. माणूस मेल्यावर त्याचं तोंड आधी विसरतं की आवाज, ते मला विचारा. आवाज आधी जातो. ह्यांचा फोटो भिंतीला आहे, खोकला कुठल्या भिंतीला लावायचा? कासूला गाडी थांबली. समोर बसलेली एक पोर कानात वायर घालून एकटीच हसत होती. सुरभी माझ्या कानाशी लागून म्हणाली, "आजी, आणि त्यांनी पुसून टाकलं असेल तर? कायमचं?" तेवढ्यासाठीच तर निघाले होते, आणि तेवढ्याचीच भीती होती. नाही उरलं तर मी परत येताना कोणतं वाक्य बरोबर घेऊन येणार? मरेपर्यंत एकच पुरेल असं निवडावं लागेल, आणि निवडलेलं वाक्य माझंच, त्याचं नाही.

रितेश दारात धावत आला. त्याची आई माहेरी गेली होती, घरात तो एकटाच. भिंतीवर महिपतीचा हवालदाराच्या टोपीतला फोटो, एवढा मोठा. मी बसले नाही.

"माजी मानसं कुठं टाकलीस?"

"आजी?"

"चाळीस मानसं दिली होती तुला. एक परत केलंस."

त्याला कळायला वेळ लागला. मग तो समजुतीनं बोलायला लागला, आजारी माणसाशी बोलतात तसं. "आजी, मोठ्या पडद्यावर तो गोंधळ लोकांना सहन नाही होणार. आजोबांचं काम दिसायला पाहिजे. ते कुंकू प्रत्येक चित्रातून एकेक करून पुसलंय मी, चार महिने लागले."

"चार म्हयने! सासूबायला लावायला एक बोट लागलं."

सुरभी हसली, मग ओठ चावले. मी विचारलं, "मूळचं हाय का नाय? खरं बोल."

"आहे. ते मी कधी टाकेन का?"

मी खुर्ची धरली. त्याला वाटलं राग उतरला. म्हणाला, "बसा ना. चहा टाकतो."

"चहा नको. दिवा फुटतो तिथं लाव."

रितेश उभाच राहिला. माझ्याकडे न बघता त्यानं टेबलावरची वायर सरळ केली. त्या सरळ करण्यात मला कळलं.

"तू ऐकलायस," मी म्हणाले.

"हो."

"मी बोलली ते?"

"हो, आजी." आणि मग भडाभडा: "म्हणून तर काढलं! दुसरा सगळा आवाज थोडा ठेवला असता, मंडळातही दोघं-तिघं ठेव म्हणत होते. पण तो ठेवायचा आणि तेवढंच कापायचं तर कळून आलं असतं. उद्या तीनशे माणसं येणार. तुमचा सत्कार आहे. लोक काय म्हणाले असते? ज्या वहिनीनं वाढवलं तीच अशी बोलली म्हणून. तुमचं वाईट दिसलं असतं. मी कुणालाच ऐकवलं नाही. कुणालाच नाही."

एवढासा मुलगा, आणि माझी लाज झाकत बसला होता. मला त्याच्या गालावर हात फिरवावासा वाटला आणि तिथंच एक ठेवूनही द्यावीशी वाटली. मी म्हणाले, "मी बोलली ते मला पाठ हाय. तो काय बोलला ते लाव."

"दिव्याचा आवाज वेगळा काढलाय. पण फार बारीक आहे."

"लाव."

त्यानं कानावर घालायचं ते माझ्या उजव्या कानावर धरलं. आधी सासूबाई आल्या. मग खोकला आला, ह्यांचा, दोनदा, आणि मी टेबलाची कड घट्ट धरली. मग काचेतला महिपती रडायला लागला, लांबून. मग एक बाई बोलली. केवढा कडक आवाज, किती तरुण! मीच ती. तिच्यामागून काही क्षण कुणीच नाही. आणि मग अगदी जवळून, शाळेत धडा विचारणाऱ्या पोरासारखा, महिपती:

"कुठं खोटं वाटलं, वयनी?"

बस. एवढंच. रितेशनं विचारलं, "परत लावू?" मी मान हलवली, परत नको. राग नव्हता त्या आवाजात. मी सदतीस वर्षं किती वाक्यं त्याच्या तोंडात घातली, एकातही तो मला काही विचारत नव्हता. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. एवढ्या चाळीस रडणाऱ्यांतून त्यानं न रडणारी एक हुडकली आणि तिला विचारलं. नंतरची सात वर्षं माझ्या हातचं जेवताना तो उत्तराची वाट बघत असेल का? की मला ऐकू गेलं नाही हे त्याला कळलं असेल, आणि दुसऱ्यांदा विचारायचा धीर झाला नसेल, माझ्या तोंडाला भिऊन? उत्तर तर माझ्याकडे तेव्हाही होतं. पोर गेल्यावर काडीनं टाच खरवडणारा बाप मी बघितला होता.

"छाती बडवलीस तिथं," मी कंपुटरकडे बघून म्हणाले. "बाकी रडणं बरं होतं."

"काय म्हणालात, आजी?" रितेश म्हणाला. सुरभीनं माझा हात धरला. तो मी सोडवून घेतला, पदर नीट केला आणि त्याच्यापुढं उभी राहिले.

"ऐक, रितेश. पोर चांगला हायस, पण भित्रा हायस. ते रडणं त्याला कुणीतरी लिवून दिलं होतं. हे त्याचं सोताचं बोलणं हाय, आन तू तेच कापलंस, का तर म्हातारीची अब्रू जायल. माजी अब्रू माज्याकडं हाय, तुज्या कंपुटरात ठेवायला दिली नाय मी. घरभर मानसं रडत असताना, भर खोलीत घालून पाडून बोलणाऱ्या बाईला जो इचारतो, कुठं खोटं वाटलं, त्याला म्हणायचं नट. तो तुमच्या तीनशे मानसांना कळू दे. उद्या सगलं लावायचं. कुंकू, खोकला, काशीबायच्या शिव्या, माजं तोंड, फुटलेला दिवा, सगलं. आन त्याचं बोलणं ऐकू येयल असं लाव. लोक इचारतील, ही कोण कजाग बाय? तर गप बसू नको, बोट दाखव. मी पयल्या रांगेत बसलेय."